कुरेनसायची चौदा झाडं

ते वाक्य कानावर पडलं तेव्हा नगिमाला ते आधी आवडलं. ‘कुरेनसाय घळीत रानसफरचंदाची शुद्ध जात आढळत नाही, जी चौदा झाडे आहेत ती बागेतील वाणांशी संकर होऊन बिघडलेली असून संरक्षणाच्या दृष्टीने त्यांना मोल नाही.’ नेटकं वाक्य. कुठे पाल्हाळ नाही, कुठे शंकेला फट नाही. सभागृहाच्या पहिल्या रांगेत मांडीवर पर्स धरून बसलेली ती मनाशी म्हणाली, हे कुणीतरी जाणत्या माणसानं लिहिलंय. सप्टेंबरातली दुपार होती, उंच खिडक्यांतून आलेलं ऊन टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यांत अडकून पडलं होतं आणि तिला किंचित पेंग येत होती. मग वाचणाऱ्यानं पान उलटायच्या आत चौदा हा आकडा तिला ओळखू आला. वाक्य नंतर ओळखलं, आकडा आधी. गर्दीत एखाद्याची चाल आधी ओळखू येते आणि चेहरा मागून, तसं. वाक्य तिचंच होतं. तीस वर्षांपूर्वी, स्वैपाकघरात, हातमोजे घालून, गॅसच्या चुलीची धग अंगाला लावून घेत लिहिलेलं.

वाचत होता येरदेन. एकेकाळचा तिचा विद्यार्थी, आता वनांच्या विभागात नकाशे आणि नियम बघणारा अधिकारी. आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. “आपा, उद्या पुढच्या रांगेत बसायचं हं. तुमचं पुस्तक इतकी वर्षं कपाटात पडलं होतं, उद्या ते लोकांपुढे जाणार आहे. तुम्ही नेहमी म्हणायचात ना, संशोधन कायद्यापर्यंत पोचलं नाही तर ते नुसतं वाळवण आहे.” ती असं म्हणायची हे खरं होतं. पुस्तकाच्या तीनशे प्रती निघाल्या होत्या, त्यातल्या चाळीस बरीच वर्षं तिच्याच पलंगाखाली होत्या. त्या पुस्तकावरून सहा घळी राखीव झाल्या होत्या, आणि आता त्याच पुस्तकावरून सातवी घळ राखीव पट्ट्यातून वगळायची होती. तिच्यातून बर्फावरच्या खेळांसाठी रस्ता आणि पाळण्यांची तारवाट जाणार होती. येरदेनच्या नकाशावर सहा घळी हिरव्या होत्या आणि सातवी फिकट पिवळी. नकाशा सुबक होता. त्यानं तो रात्री जागून केला असणार, त्याला तशी सवयच होती.

“चौदा?” उजवीकडच्या खुर्च्यांतून एक बाई उठली. पन्नाशीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, उन्हानं रापलेला रुंद चेहरा. घळीच्या तोंडाशी असलेल्या उइगुर वस्तीतून आलेल्या लोकांत ती बसली होती. “चौदा झाडं तर माझ्या मधाच्या पेट्यांच्या मागेच आहेत, साहेब. मोजली कुणी?”

“आपलं नाव सांगा आधी, नोंद करायचीय,” येरदेन म्हणाला.

“पातीगुल. करा नोंद. आता सांगा, मोजली कुणी?”

“शास्त्रज्ञांनी मोजलीत. एका बाईंनी सात घळी पायी हिंडून मोजणी केली, त्र्याण्णव साली.”

“त्र्याण्णव साली मी वीस वर्षांची होते, घरीच होते. आमच्या दारावरून गेल्याशिवाय कुणाला घळीत शिरता येत नाही. आणि आमचा कुत्रा असा होता की वाऱ्यावरही भुंकायचा.” मागे हशा पिकला. “त्याच्यावरून कोण बाई गेली, मला बघायचंय.”

“बघा की,” येरदेन हसून म्हणाला, आणि त्या हसण्यात अभिमान होता हे नगिमाला लख्ख दिसलं. “त्या इथेच बसल्यात. नगिमा सेरिकोव्ना, दोन शब्द बोलता का?”

ती उठली. गुडघा कटकन वाजला. सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे वळले आहेत हे तिला मानेच्या मागे, केसांच्या मुळाशी जाणवलं, आणि तरी आतून ती शांत होती. आपण दुसऱ्या कुणाला उठताना बघतोय इतकी शांत. “त्या काळी जी पद्धत होती,” ती म्हणाली, “त्या पद्धतीनं ते काम झालं.” ती बसली. दोनचार टाळ्याही पडल्या.

“म्हणजे गेला होतात की नव्हता?” पातीगुलनं विचारलं. पण येरदेन पुढच्या मुद्द्यावर गेला होता. लेखी हरकती पंधरा दिवसांत द्याव्यात, त्यानंतर पुन्हा एक बैठक होईल, असं तो सांगत होता.

बाहेर पडल्यावर ती बस न घेता चालत निघाली. अलमाटीत वर म्हणजे डोंगर आणि खाली म्हणजे सगळं उरलेलं. ती खाली निघाली. रस्त्याकडेच्या पाटातून वरचं गार पाणी धावत होतं, त्यात ओकची पानं अडकत होती, सुटत होती. आपण खोटं बोललो का, याचा ती विचार करत होती, तोही एखाद्या विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसा. वाक्यात तसं खोटं काही नव्हतं. त्या काळची पद्धत अशीच होती. त्या काळी ती जिथे काम करायची त्या वनस्पतिशास्त्राच्या संस्थेला गाडी होती पण पेट्रोल नव्हतं, पगार चार-चार महिने होत नव्हता, प्राध्यापक लोक फूटपाथवर चादर अंथरून ज्ञानकोशाचे खंड विकत बसायचे. देश नवा होता, जुन्या देशाचे शिक्के अजून टेबलावर होते. तिच्या मार्गदर्शक तमारा इल्यिनिच्ना तेव्हा सत्तरीच्या होत्या आणि सामान बांधून बसल्या होत्या, व्होल्गाकाठी बहिणीकडे कायमच्या जाणार होत्या. जाण्याआधी त्यांना सात घळींचं पुस्तक पुरं व्हायला हवं होतं. “नगिमा, उद्या हे लोक डोंगरसुद्धा स्टुलं विकावीत तसे विकतील,” त्या म्हणाल्या होत्या. “छापलेलं पुस्तक असेल तर निदान त्यांना ते आधी वाचावं लागेल. सातही हव्यात. सहा म्हणजे अर्धवट काम, आणि अर्धवट कागदावर कुणी सही करत नाही.” म्हणून ती एकटी गेली. पाठीवर पिशवी, पिशवीत मोजपट्टी, टिपणवही, कुर्तचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, खारट गोळे, वाळलेला पाव. घरी आठ महिन्यांची मेरेके सासूकडे होती. तीन आठवड्यांचं काम होतं. लेकीचं दूध तोडायला हीच संधी, असं सासू म्हणाली होती, आणि नगिमानं मान डोलावली होती.

दूध तुटलं नाही. पहिले दिवस ती खडकाआड बसून ते मातीत पिळून टाकायची आणि मुंग्या यायच्या. झाडं मोजताना, खोडाभोवती हात घालून पट्टी फिरवताना, छाती सालीवर दाबली जायची आणि सदरा ओला व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात एक बाजू दगडासारखी झाली आणि ताप चढला. सहावी घळ तिनं त्या तापात पुरी केली; ते आकडे खरे होते, त्यातला प्रत्येक आकडा तिच्या अंगातून गेला होता. मग ती कुरेनसायच्या तोंडाशी आली. दोन फळ्यांचा पूल होता, पलीकडे वाट वर चढत होती, बारीक पाऊस लागला होता. वर कुठेतरी कुत्रा भुंकत होता. ती फळ्यांपाशी उभी राहिली. किती वेळ, ते तिला कधीच आठवलं नाही. आठवत होतं ते एवढंच, की तिला मेरेकेच्या टाळूचा वास आला, पावसात, जिथे तो येणं शक्यच नव्हतं, आणि ती वळली. अकरा किलोमीटर चालली, मग कांद्यांच्या ट्रकमध्ये मागे बसून शहरात आली. दार उघडून सासू बाजूला झाली. मेरेकेनं तिच्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे बघतात तसं, आणि सासूच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. छातीला लावल्यावर तिनं मान फिरवली. ती नंतर कधीच प्यायली नाही.

डिसेंबरात लिहायला बसली तेव्हा सातवं प्रकरण सहाव्यावरून बेतलं. दोन्ही घळी शेजारच्या, उतार तोच, माती तीच. खालच्या गावात बागा आहेत म्हणजे संकर झालेलाच असणार. आधी टिपणवहीत आकडे भरले, मग वहीवरून पुस्तकात उतरवले, म्हणजे क्रम बिघडू नये. दहा फार गोल वाटले. वीस जास्त वाटले. चौदा खरा वाटला. तमारा इल्यिनिच्नांनी कच्चा खर्डा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “कुरेनसायमध्ये ओढ्याच्या डाव्या अंगाला गेली होतीस?” “हो.” “बरं,” त्या म्हणाल्या, आणि वसंतात निघून गेल्या. त्यांना कळलं होतं की नाही, हे नगिमाला त्यांच्या मृत्यूच्या पत्रानंतरही कळलं नाही. तिला तीस वर्षं पश्चात्ताप जाळत होता असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. तिला ते क्वचितच आठवायचं. परदेशी पाहुण्यांना घेऊन त्या रस्त्यानं जाताना ती दुसऱ्या बाजूचं शिखर दाखवायची, एवढंच. वर्गात ‘जे पाहिलं नाही ते लिहू नका’ असं सांगताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती.

शनिवारी सकाळी ती बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. पिशवीत मोजपट्टी होती आणि संस्थेतून न विचारता आणलेलं गिरमिट, खोडातून पेन्सिलीएवढा लाकडाचा नमुना काढायचं. फळ्यांच्या जागी आता सिमेंटचा पूल होता. पलीकडे निळ्या रंगाच्या फाटकाशी पातीगुल मधाच्या चौकटी खरवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि परत खाली घातली.

“आलात शास्त्रज्ञबाई? तीस वर्षं लागली. रस्ता खराब असेल.”

“मला घळीत जायचंय,” नगिमा म्हणाली. “तुम्ही बरोबर याल का?”

“मी कशाला? तुम्हाला पाठ असेल सगळं.”

“मी गेले नव्हते. पुलापर्यंत आले होते.”

पातीगुलनं सुरी फडक्याला पुसली. ती चिडेल किंवा हसेल असं नगिमाला वाटलं होतं. ती दोन्हीपैकी काही न करता आत गेली आणि रबरी बूट घालून बाहेर आली. वाट चढायला लागल्यावर बऱ्याच वेळानं, पाठमोरीच असताना ती बोलली. “बाबांना वनखात्याचा निरोप होता. शहरातून एक बाई येणार, झाडं मोजणार, वाट दाखवा. दोन दिवस ते कुऱ्हाड घेऊन काटेरी झुडपं तोडत होते. आईनं लाग्मानच्या शेवयांचं पीठ मळून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी आम्हीच खाल्लं.”  एवढं बोलून ती एका झाडापाशी थांबली. “हे घ्या. इथून सुरू करा. हे पहिलं.”

दुपारपर्यंत एकशे साठ झाडं झाली होती आणि त्या ओढ्याच्या निम्म्यातही पोचल्या नव्हत्या. फळांचा सडा पडला होता, पायाखाली चुरडून आंबूस वास वर येत होता, गांधीलमाश्या त्यात सुस्त होऊन पडल्या होत्या. एका झाडाची फळं अक्रोडाएवढी आणि पिवळी, शेजारच्याची लाल पट्ट्यांची, त्याच्या पलीकडच्याची हिरवी आणि इतकी तुरट की जीभ टाळूला चिकटावी. दोन झाडं सारखी नव्हती. हे बागेतल्या झाडांचं लक्षण नव्हे, हे तिला पहिल्या दहा झाडांतच कळलं होतं. पानांच्या तपासणीची गरज फक्त कागदापुरती होती. पातीगुल फळाचा चावा घेऊन थुंकून टाकायची आणि सांगायची, “याच्यावर मधमाश्या आधी येतात. हे मागच्या वर्षी रुसलं होतं, एक फूल नाही. हे बाबांचं.” ‘बाबांच्या’ झाडाला नगिमानं गिरमिट लावलं. नळीतून निघालेल्या ओलसर काडीवरच्या बारीक रेघा तिनं चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून मोजल्या. नव्वदपर्यंत गेली आणि थांबली. ती पुलापाशी उभी होती तेव्हा हे झाड साठ वर्षांचं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. फक्त छातीच्या डाव्या बाजूला, तीस वर्षांपूर्वी दगड झाला होता नेमकं तिथे, एक जुनी दुखरी जाणीव सरकत गेली आणि विरली.

सोमवारी ती येरदेनला भेटली, त्याच्या कार्यालयाच्या खानावळीत. त्यानं तिच्यासाठी दुधाचा चहा आणि तळलेल्या कणकेचे बाउरसाक आणले, साखर ढवळून पेला तिच्यापुढे सरकवला आणि मग तिचं पत्र वाचलं. एकच पान होतं. वाचून झाल्यावर त्यानं ते उलटं करून ठेवलं, जणू बाजूच्या टेबलावरून कुणी वाचेल.

“आपा, हे कुणाला दाखवलंत?”

“तुलाच. तू ते नोंदीला लाव.”

“थांबा जरा.” त्याचा आवाज खाली आला. “कुरेनसाय मी वाचवतो. तुम्ही नवी मोजणी केलीत ना? मग तेवढंच लिहा. तीस वर्षांत जंगल वाढलं, परिस्थिती बदलली, नव्या माहितीनुसार घळ राखीव ठेवावी. कोण नाही म्हणणार?”

“झाडं नव्वद वर्षांची आहेत, येरदेन. तीस वर्षांत वाढलेली नाहीत.”

“ते तुम्हाला माहीत. बैठकीत कोण रेघा मोजतोय?” तो आता एकेक शब्द ठेवत बोलू लागला. “बाकीच्या सहा घळी कशावर उभ्या आहेत? तुमच्या पुस्तकावर. दुसरा कागद नाहीये आपल्याकडे. मी शोधलाय. तुम्ही म्हणालात की एक प्रकरण घरी बसून लिहिलं, तर रस्तावाल्यांचा वकील विचारेल, मग बाकीची सहा कशावरून नाही? त्यातल्या तेरेकसायला तर आत्ताच बंगले बांधायचेत लोकांना, तीन अर्ज आलेत. एक खरं बोलायला तुम्ही सहा घळी टाकणार का? आणि, म्हणजे, माझंही आहेच. पण ते सोडा.”

तो म्हणत होता ते बरोबर होतं. हेच सगळ्यात त्रासाचं होतं, की तो जे म्हणत होता त्यात कुठेही खोट नव्हती. त्याला हिशेबी म्हणून हसणाऱ्या वर्गातला तो एकटाच खरोखर झाडांसाठी सरकारी नोकरीत शिरला होता. तिला तमारा इल्यिनिच्ना आठवल्या. त्यांनीही असंच काहीतरी सांगितलं असतं, याच शब्दांत. झाडं वाचवायची तर कागद पुरा हवा. नगिमानं बाउरसाकचा तुकडा मोडला, तो चहात बुडवला, आणि तो फुगून तळाशी जाईपर्यंत बघत राहिली. आपण कुणासाठी खरं बोलायला निघालोय? पातीगुलसाठी तर नव्हे. पातीगुलला घळ हवी होती, ती येरदेनच्या वाटेनंही मिळत होती. झाडांना तर कशाचंच काही नव्हतं. मग? ‘परिस्थिती बदलली’ हे वाक्य तिनं मनात लिहून बघितलं. नेटकं होतं. कुठे पाल्हाळ नाही, शंकेला फट नाही. ते आपल्याला किती सहज लिहिता येईल हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्या सहजपणाची तिला अशी किळस आली, की तिनं पेला बाजूला सारला. एवढंच कारण होतं. तिच्याजवळ याहून मोठं कारण कधीच नव्हतं, आणि पुढे लोकांनी विचारलं तेव्हाही तिनं कुठलं मोठं कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या बैठकीला सभागृह भरलं होतं. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती जागच्या जागी उठून म्हणाली, “मी कुरेनसायमध्ये गेले नव्हते. ती चौदा झाडं मी लिहिली, पाहिली नाहीत. या महिन्यात मी घळीच्या अर्ध्या भागात तीनशे बारा झाडं मोजली. ती आधीपासून तिथे आहेत.”  मग करड्या कोटातला एक माणूस उठला, रस्त्याच्या कंपनीचा वकील. तो अत्यंत अदबीनं बोलला.

“नगिमा सेरिकोव्ना, बाकीच्या सहा घळींत आपण गेला होतात, याला पुरावा काय?”

“माझ्या टिपणवह्या आहेत.”

“सातव्या घळीचीही टिपणवही असेल?”

“आहे.”

“तिच्यात आकडे आहेत?”

“आहेत.”

“बाकीच्या वह्यांसारखेच? तारखा, घेर, उंची, सगळं?”

“सगळं.”

“आभारी आहे,” तो म्हणाला आणि बसला. व्यासपीठावर येरदेन आपल्या नकाशाकडे बघत होता, त्यानं मान वर केली नाही.

निकाल लागायला महिना गेला. नवी मोजणी होईपर्यंत कुरेनसायला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. त्याच आदेशात पुढे होतं, की उरलेल्या सहा घळींचा आधार संशयास्पद ठरल्यानं त्यांचं राखीवपण फेरमोजणीपर्यंत स्थगित राहील. फेरमोजणी अर्थातच बर्फ वितळल्यावर. प्रत्येक झाडामागे दोन साक्षीदारांच्या सह्या लागणार होत्या, त्यातली एक गावकऱ्याची. आयुष्यभर ती संस्थेच्या बैठकांत सांगत आली होती की मोजणीत लोकांना घ्या, आणि कुणी ऐकलं नव्हतं. आता ते झालं होतं, तिच्यावर कुणाचा विश्वास उरला नाही म्हणून. संस्थेनं तिच्याकडून राजीनामा मागितला, तिनं दिला. येरदेनची बदली दूर, स्टेपच्या गवताळ माळावरच्या एका गावी झाली, जिथे मोजायला झाडंच नव्हती. जाताना त्याचा फोन आला नाही. अंकाराहून मेरेकेचा आला.

“आई, तीन वर्षांत निवृत्त होणार होतीस. आत्ताच सांगायची काय गरज होती? आणि गेली का नव्हतीस तू तेव्हा?”

नगिमा खिडकीशी उभी होती. समोरच्या गच्चीवर एक बाई बर्फ लोटत होती. “ताप होता,” ती म्हणाली. पलीकडे मेरेके जराशी थांबली, आणखी काही येईल म्हणून. मग तिनं औषधं वेळेवर घेतेस का ते विचारलं, आणि दोघी औषधांबद्दल बोलल्या.

हिवाळाभर ती घरीच होती. पातीगुल दर पंधरवड्याला बाजारात मध विकायला यायची तेव्हा वर डोकवायची. त्यांची मैत्री झाली असं म्हणवत नाही. पातीगुल तिला अजूनही शास्त्रज्ञबाई म्हणायची, आता फक्त त्यातली धार सवयीनं बोथट झाली होती. स्वैपाकघरातल्या टेबलावर नगिमा तिला शिकवायची, घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा, दोन खोडं एका मुळातून आली तर एकच झाड धरायचं, मोजलेल्या झाडाला खडूची खूण करायची. पातीगुल गावात जाऊन तेच नऊ जणांना शिकवायची. “ते विचारतात, बाईंना कशाला विचारतेस, त्यांनी तर नुसतं बसून मोजलं होतं,” ती एकदा म्हणाली. “मी म्हटलं, म्हणूनच. कुठे कुठे लबाडी करता येते ते त्यांनाच ठाऊक.” नगिमा हसली. त्या हिवाळ्यात ती बहुधा तेवढंच हसली असेल.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, फेरमोजणी सुरू व्हायला बारा दिवस असताना, पातीगुलचा सकाळीच फोन आला. तेरेकसायला यंत्रं लागली होती. राखीवपणालाच स्थगिती होती, म्हणजे तोडायला बंदी नव्हती. कुणीतरी तेवढा अर्थ काढून परवाना मिळवला होता आणि दोन दिवसांत काम उरकलं होतं. त्या दोघी एका मधवाल्याच्या गाडीतून पोचल्या तेव्हा दुपार होत आली होती. यंत्रं निघून गेली होती. खोडं उतारावर ओळीनं लावून ठेवली होती, फांद्यांचे ढीग बाजूला, आणि कळ्या, उमलायच्या बेतात असलेल्या गुलाबी कळ्या, त्या ढिगांवर तशाच होत्या. त्यांना अजून पत्ता नव्हता. ऊन पडलं होतं. ओढा वाहत होता. नगिमाला सगळं फार स्पष्ट दिसत होतं, काचेपलीकडून दिसावं तसं, आणि आपल्याला काय वाटतंय हे शोधायला ती आत गेली तेव्हा तिथे तिला फक्त एक यादी सापडली. वरच्या वळणावर तिरकं वाढलेलं. खडकाला चिकटून तीन, एका ओळीत. ओढ्याच्या अलीकडचं, ज्याची साल घोड्यांनी खाल्लेली.

“ही तुम्ही मोजलेली?” पातीगुलनं विचारलं.

“हो.”

“खरंच मोजलेली?”

“एकटीला पाच दिवस लागले होते. दोनशे बारा.”

 पातीगुल उतारावर बघत उभी राहिली. तिच्या घळीतली झाडं यावेळी फुलणार होती. तिनं ते म्हटलं नाही, नगिमानंही नाही. हे माझ्यामुळे, असं वाक्य नगिमाच्या तोंडाशी आलं होतं, पण ते तिला नीट वाटेना. त्यात काहीतरी कमी होतं, किंवा काहीतरी जास्त. तिनं पिशवी उघडली, पट्टी काढली आणि जवळच्या खुंटापाशी गुडघे टेकले. पातीगुल आली आणि तिनं पट्टीचं दुसरं टोक धरलं. खुंटाचा माथा ओला होता, पाणी साचल्यासारखा, आणि कडेवरून थेंब सालीवर उतरत होते.

“पाऊस तर नव्हता,” पातीगुल म्हणाली.

“रस आहे. या दिवसांत मुळं पाणी वर पाठवतात. वर झाड नाही हे त्यांना इतक्यात कळत नाही.”

“किती दिवस पाठवतात?”

“आठवडाभर. कधी जास्त.”

पातीगुलनं ओले हात परकराला पुसले. “मोजा,” ती म्हणाली. “जेवढे खुंट आहेत तेवढे सगळे. सही मी करते.”

नगिमानं वर्तुळं मोजली, आकडा लिहिला, आणि त्या दोघी पुढच्या खुंटाकडे गेल्या.